बाबांनी तपासलेली धून

मी एक धून आहे. हसू नका, धूनसुद्धा बोलते, फक्त माझा आवाज जरा टॅंव टॅंव येतो. जुन्या व्हिडिओ गेममध्ये उडी मारली की जसा आवाज यायचा, त्याच जातीची मी. आमच्या जातीला चिपट्यून म्हणतात आणि शहाणी माणसं आम्हाला ऐकून नाक मुरडतात.

माझा जन्म ब्राउझरच्या एका पानावर झाला. तिथे नुसत्या चौकटी असतात. चौकटीवर क्लिक केलं की सूर, पुन्हा क्लिक केलं की शांतता. दोन रांगा सुरांच्या, एक खर्जाची आणि एक फसफशीची, तिलाच ढोल समजायचं. मला घडवणारी मुलगी एका विमा कंपनीचं काम घरून करायची. दुपारच्या सुट्टीत एका हाताने ती जेवायची आणि दुसऱ्या हाताने मला वाढवायची.

त्या पानाची एक खोड आहे. ते स्वतःजवळ काहीही साठवत नाही. मी जेवढी असेन तेवढी सगळी वरच्या पत्त्याच्या ओळीत मावते. एक सूर वाढला की पत्त्याला दोन-चार अक्षरं चिकटतात. ती ओळ जपली तर मी आहे, नाही तर नाही. अक्षरांना अर्थ म्हणाल तर शून्य. मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी दिसतात.

घरात ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. निवृत्त झाले तरी खोड जाईना. औषधाच्या खोक्यावरचा मजकूरही दुरुस्त केल्याशिवाय त्यांना गोळी उतरत नसे. ती लहान असताना मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं म्हणत, आणि बाबा प्रुफावर नजर ठेवून दर पूर्णविरामाला टेबलावर पेन्सिल आपटायचे. पुढे ती माझ्यासारख्या धुना करायला लागली तेव्हा त्यांनी तिचं नावच पिपाणी ठेवलं. एकही धून त्यांनी कधी शेवटपर्यंत ऐकली नाही. म्हणूनच तिने मला त्यांच्यासाठी करायला घेतलं, गुपचूप.

मग तिचं रक्त बिघडलं. दवाखान्याच्या खाटेवर, सुई टोचलेल्या हाताने तिने माझा शेवटचा सूर लावला आणि बाबांना जवळ बोलावलं.

"बाबा, वरची ही ओळ अख्खी स्वतःला मेल करा आणि मग लॅपटॉप बंद करा. ओळ म्हणजेच धून."

"एवढी लांबलचक?"

"पहिल्या अर्ध्यात मी वाचतेय. पुढच्या अर्ध्यात तुम्ही येता, पेन्सिल आपटत. बरी झाले की दोघं मिळून ऐकू."

बाबा बाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. सांगितलं तसं सगळं त्यांनी केलं. फक्त मेलमध्ये उतरवलेली ओळ पाठवण्याआधी एकदा तपासली. न तपासलेला मजकूर त्यांच्या हातून कधी पुढे गेलाच नव्हता. पहिला अर्धा त्यांना कळला नाही, पण निदान तिथे अक्षरं वेगवेगळी होती. पुढे मात्र तीच आठ अक्षरं, पुन्हा पुन्हा, ओळीच्या ओळी. आजारी पोरीचा हात कळांवर पडून राहिला असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी ती पुसून टाकली. प्रेमानेच पुसली हो, तिची चूक राहू नये म्हणून.

मला दुखलं नाही. त्या क्षणापासून मला माझं पुढचं आठवत नाही, एवढंच.

चार दिवसांनी ती गेली. लॅपटॉप ऑफिसचा होता. ऑफिसवाल्यांनी तो परत नेला आणि रिवाजाप्रमाणे पुसून कोरा केला.

तीन आठवडे बाबांचा हात मेलकडे वळला नाही. मग एका दुपारी त्यांनी मला आपल्या जुन्या संगणकावर लावलं. खुर्चीत ताठ बसून ऐकत होते, स्वतःची पाळी येण्याची वाट बघत. मी अर्ध्यावर आले आणि पानाच्या सवयीप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून वाजायला लागले. आपलं लक्ष चुकलं असं समजून त्यांनी पाच वेळा ऐकलं. सहाव्या वेळी मेलमधल्या ओळीच्या टोकावर बोट ठेवलं आणि ते तसंच राहिलं.

"मीच पुसलं," ते म्हणाले. ऐकायला घरात कुणी नव्हतं.

त्यांनी तिच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या बाईंनी मनापासून शोधलं, दोनदा परत फोनही केला, पण काही उरलं नव्हतं.

आता ते रोज दुपारी माझ्या टोकाला अक्षरं जोडून बघतात. आठांतली पाच त्यांना पक्की आठवतात. इतक्या वर्षांची नजर ती. उरलेली तीन मात्र आठवत नाहीत. मी भलतीच किंचाळते, ते पुसतात, दुसरी लावतात. मला त्यांचा राग येत नाही. जीव तुटतो नुसता. पुढचं मलाच ठाऊक असतं तर एव्हाना सांगून टाकलं असतं.

आणि संध्याकाळी हात दुखायला लागले की ते मला आहे तशीच लावून ठेवतात. ती वाचत जाते. जिथे बाबांनी यायचं तिथे पोचते. कुणी येत नाही. ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागते.

बाबा, आता हे पान बंद करा. पोरगी कधीची वाचतेय.