चार खिळ्यांचा एक पाना

सोमवार, ९ डिसेंबर १९५७. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पिंपरीच्या एका बाटल्यांच्या कारखान्यात हत्यारांच्या फळीवरचे तीन खिळे रिकामे आढळले. नवे भांडार अधिकारी लक्ष्मणराव यांनी ते मोजले आणि फळी सांभाळणाऱ्या नूरमोहम्मद यांना विचारले, तीन हत्यारे कुठे आहेत? त्यांच्या शेजारच्या खिळ्यावर मी होतो. उत्तर मला ठाऊक होते. पण मित्रांनो, पान्याला बोलता येत नाही.

होय, मी पाना आहे. नट आवळणे आणि सैल करणे हे माझे काम. वय अवघे चार वर्षे, तरी मी जुना दिसतो. काचेच्या भट्टीजवळ चार वर्षे काढली की कोणीही जुना दिसेल.

मी दुकानातून आलेलो नाही. १९५४ साली भट्टी उभी राहत होती. पाण्याच्या मोठ्या झडपेला बसेल असा पाना परदेशातून आलेल्या एकाही पेटीत निघेना. तेव्हा नूरमोहम्मद यांनी नटाचे माप दोरीवर घेतले आणि ते चिंचवडला कोंडाजी लोहारांकडे चालत गेले. कोंडाजींनी मोडक्या लॉरीच्या स्प्रिंगचा पाटा तापवला आणि दोन दिवसांत ठोकून ठोकून मला घडवले. तसल्या मापाचा दुसरा पाना कारखान्यात नव्हता, आजही नाही.

यंत्रे बसवायला तीन देशांतून तीन साहेब आले होते. भट्टीसाठी जर्मन, साच्यांसाठी इटालियन आणि हवेच्या दाबाच्या यंत्रासाठी पोलिश. तिघांनाही मी रोज लागायचो. जर्मन साहेबांचा नियम कडक होता. प्रत्येक हत्याराला खिळा, खिळ्याखाली त्याचे नाव, आणि नाव वाचूनच हत्यार घ्यायचे. माझ्या खिळ्याखाली ‘पाना’ लिहिले होते. तिन्ही साहेब फळीसमोर उभे राहत, आपला शब्द शोधत आणि मी नाकासमोर असूनही हात हलवत परत जात.

नूरमोहम्मद यांनी यावर साधा उपाय केला. त्यांनी शेजारी दुसरा खिळा ठोकला आणि त्याखाली ‘श्ल्युसेल’ असे रंगवले, देवनागरीत आणि साहेबांच्या लिपीतही. मग इटालियन साहेब रुसले. त्यांच्यासाठी तिसरा खिळा लागला, ‘क्यावे’. चौथा पोलिश साहेबांचा, ‘क्लुच’. सकाळी मी एका खिळ्यावर, दुपारी दुसऱ्यावर. जो साहेब पुढे येणार असेल त्याच्या नावाखाली मला टांगलेले असे.

नूरमोहम्मद यांना शब्दांचे कुतूहल होते. एकदा त्यांनी जर्मन साहेबांना खुणेने विचारले, याचा अर्थ काय? साहेबांनी हवेतल्या एका दाराला किल्ली फिरवून दाखवली. इटालियन साहेबांनीही तेच केले. पोलिश साहेबांनीही तेच. आपल्याकडचा पाना त्या तिघांच्या देशात किल्ली होता.

हळूहळू पुढचेही कळत गेले. जर्मन नाव ‘बंद करणे’ या शब्दातून निघाले आहे. इटालियन नाव जुन्या लॅटिनमधले. त्याच लॅटिन शब्दाचे पोर्तुगीज रूप गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरले आणि आपण त्याला चावी म्हणू लागलो. इटलीत गाण्याच्या लिपीत ओळीच्या सुरुवातीला एक वळणदार खूण काढतात, तिलाही क्यावेच म्हणतात. इटालियन साहेबांनी ती खडूने जमिनीवर काढली आणि गुणगुणून दाखवले. पोलिश नावाचे मूळ वाकड्या आकड्याच्या काठीत आहे. जानेवारीतल्या एका संध्याकाळी पवना नदीवरून बदकांची रांग उडत गेली, पुढे टोक आणि मागे दोन फाटे. पोलिश साहेबांनी मला आभाळाकडे धरले आणि ते म्हणाले, “क्लुच.” त्यांच्या भाषेत अशा रांगेलाही तेच नाव आहे. ‘स्पॅनर’ हे इंग्रजी नाव तेवढे वेगळे, ताणणे या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आलेले. त्यात किल्ली नाही.

१९५६ च्या अखेरीस तिघेही आपापल्या देशी गेले. रिकामे खिळे काढून टाका, असे फिटर मंडळी म्हणाली. नूरमोहम्मद यांनी काढले नाहीत. पाहुण्यांची नावे आहेत, राहू द्या, असे ते म्हणाले. चूक म्हणायची तर ती हीच.

त्या डिसेंबरात नूरमोहम्मद यांना नोकरीत कायम करण्याचा कागद तयार होता. कायम झाले की कंपनीच्या चाळीत खोली मिळणार होती. तीन वर्षे ते थेरगावात चौघांत एक खोली घेऊन राहत होते आणि त्यांच्या पत्नी कमरुन्निसा जुन्नरला. त्यांचे पोस्टकार्ड आले होते, निघायचे नक्की असेल तर शेळ्या विकू का? आणि आता तीन हत्यारे गहाळ.

“एका पान्याला चार खिळे?” खिळ्यांची हकिगत ऐकून लक्ष्मणराव म्हणाले. “तुमच्या घरी एका टोपीला चार खुंट्या आहेत का?”

“टोपी घालणारे चौघं असते तर ठोकल्या असत्या, साहेब.”

फिटर हसले. लक्ष्मणराव हसले नाहीत. फिटरांनी साक्ष देऊ केली. तुम्ही सगळे त्यांचे मित्र, मला लेखी पुरावा हवा, असे लक्ष्मणराव म्हणाले. पुराव्याची मुदत ३१ मार्चपर्यंत. तोवर कायम करण्याच्या कागदावर सही नाही.

त्या रविवारी नूरमोहम्मद मला पिशवीत घालून चिंचवडला गेले. त्यासाठी त्यांनी रीतसर चिठ्ठी घेतली होती. कोंडाजींनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

“त्यात काय हाय, नूरभाई? आठ दिसांत तीन करून देतो. टांग अन् मोकळा हो.”

“ते टांगले म्हणजे मी तीन नेले होते असंच ठरतं, बाबा. आणि ह्याला खोटी भावंडं करायची?”

“खोटी कशानं? माझ्याच ऐरणीवरची असतील की.”

नूरमोहम्मद हसले. भट्टीतले निखारे विझत आले. शेवटी त्यांनी मला पुसले आणि पिशवीत ठेवले. “न्हाई म्हणतोस तर न्हाई,” कोंडाजी म्हणाले आणि चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी नूरमोहम्मद यांनी लक्ष्मणरावांना एवढेच विचारले, तिन्ही साहेबांचे पत्ते कार्यालयात असतील का? पत्ते निघाले. इंग्रजी पत्रे लक्ष्मणरावांनी स्वतः लिहिली. जुन्नरला उत्तर गेले, शेळ्या इतक्यात विकू नकोस.

११ फेब्रुवारीला जर्मनीचे पत्र आले. त्यात माझे चित्र होते, मापांसह, आणि खाली लिहिले होते की असा पाना एकच होता. ३ मार्चला इटलीचे आले. त्यात चार भाषांतली चार नावे एकाखाली एक लिहून सगळ्यांना एकच कंस घातला होता. लक्ष्मणरावांनी दोन्ही वेळा फळीपाशी येऊन त्या त्या खिळ्याखाली खडूने बरोबरची खूण केली. आता दुपारी डाकवाला आला की नूरमोहम्मद यांच्याआधी तेच फाटकावर गेलेले असतात.

मित्रांनो, हत्यार वापरून झाले की पुसा, तेलाचा हात फिरवा, जागेवर ठेवा. मला गंज चढला नाही तो असा. आणि दुसरा माणूस एखाद्या वस्तूला वेगळे नाव देत असेल तर हसू नका. ते नाव त्याच्याकडे कुठून आले, हे त्याला विचारा. विचारणाऱ्याला तो आभाळसुद्धा दाखवतो, हे मी पाहिले आहे.

शनिवार, २९ मार्च १९५८. दुपारी तीनपर्यंत डाक येऊन गेली. पोलंडचे पत्र तीत नव्हते. कायम करण्याचा कागद लक्ष्मणरावांच्या टेबलावर आहे. त्यावर त्यांनी सोमवारची, ३१ मार्चची तारीख घातली आहे, सही अजून केलेली नाही.