उपाशी पाठवायचे मासे

विमान साडेनऊला यायचं होतं. अकरा वाजले तरी आभाळात फक्त पक्षी. मी विमानतळाच्या पत्र्याच्या शेडखाली थर्माकोलच्या सहा खोक्यांभोवती येरझाऱ्या घालत होतो. खोक्यांत नव्वद पिशव्या. प्रत्येक पिशवीत ओंजळभर समुद्राचं पाणी, वर भरलेला प्राणवायू आणि निखाऱ्यासारखा लाल एकेक एंजल मासा, काचेच्या टाकीत शोभेला ठेवतात तो. सगळे मी स्वतः बुडी मारून, एकही खवला न दुखावता धरलेले.

"बैस रे तोआकाई," आत्या म्हणाली. "तू फेऱ्या मारल्यास म्हणून विमान लवकर येणार आहे का?"

रोतिया आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. महिन्यापूर्वी तारावा बेटावरून इथे किरितिमाती बेटावर आमच्याकडे राहायला आली, आणि तेव्हापासून आमच्या दारावरून कोणी उपाशी गेलेलं नाही. आताही ती केवड्याच्या पातीची चटई अंथरून भात आणि तळलेली मासळी वाटत बसली होती. सामानाचं वजन करणारा रितेरी दोनदा जेवून गेला होता.

"नक्की कधी येतंय रे?" मी त्याला विचारलं.

"काका, फिजीहूनच उशिरा उडालंय. दोन म्हणतायत. म्हणजे तीन धरा."

मागच्या दोन खेपांना होनोलुलूला निम्मे मासे मेलेले निघाले होते. तिथल्या व्यापाऱ्याने फोनवर सरळ सांगितलं होतं, आता एकदा असं झालं की आपला संबंध संपला. माझा माल घेणारा दुसरा कोणी नाही. बावन्नाव्या वर्षी मला बुडी मारण्यापलीकडे काही येत नाही. हे गेलं तर तारावाला भावाच्या घरी जाऊन कोपऱ्यात बसायचं, आणि तो विचारही मला सोसत नव्हता.

राहवेना म्हणून एका खोक्याची चिकटपट्टी काढली, पिशवी उजेडात धरली. तळाशी माशाच्या घाणीचे तपकिरी दोरे पडले होते. दुसरी काढली. तिच्यातही तेच. तिसरीतही.

दोन दिवस उपाशी ठेवलेला मासा असे दोरे टाकत नाही.

"आत्या," मी म्हणालो, "काल घरी माशांच्या टाकीपाशी कोण गेलं होतं?"

"मी. का?"

"काय घातलंस त्यांना?"

"कोळंबी. अगदी बारीक कुटून." तिने पदार्थ चांगला झाल्यासारखी मान हलवली. "काय भुकेले होते बिचारे. काच चाटत होते. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेल्याला रिकाम्या पोटी धाडतोस? तुझ्या आईने शिकवलं नाही तुला?"

मला तिच्यावर ओरडायचं होतं. थोरल्या आत्यावर आमच्यात कोणी ओरडत नाही, म्हणून मी खोक्याला लाथ मारायला गेलो आणि आत मासे आहेत म्हणून तीही आवरली.

"अगं, मासा तुझ्यामाझ्यासारखा नाही. आपण अंगातलं विष पाण्यात कालवून साठवतो आणि सवडीने आडोशाला जातो. तो वरचा पक्षी बघ. त्याला पाण्याचं ओझं घेऊन उडणं परवडत नाही, म्हणून घट्ट पांढरा चुना टाकतो."

"रोज टाकतो. माझ्या वाळवणावर."

"मासा काहीच साठवत नाही. कल्ल्यांतून सतत विष सोडत राहतो. समुद्रात ते वाहून जातं. पिशवीत कुठे जाणार? जितकं खाल्लं तितकं जास्त विष, आणि तेच पाणी तो परत कल्ल्यांतून घेतो. म्हणून उपाशी ठेवतात."

आत्याच्या हातातला भाताचा घास तसाच राहिला. "मग मरतील?"

"थांब."

मी एक पिशवी फोडली. बंद पिशवीतलं विष थोडं दबून असतं, उघडल्यावर जोर धरतं, त्यामुळे त्या माशाची आशा मी सोडलीच होती. पाणी बाटलीत घेऊन विष तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. पिवळं राहिलं तर ठीक. पाणी हिरवं होत गेलं, गडद होत गेलं. विमान यायला चार तास, पुढचा प्रवास तीन तास, तिकडे उतरवून घ्यायला आणखी दोन. मनातल्या मनात पुन्हा पुन्हा मोजलं, पण तास काही कमी होईनात.

"काका, कागद झालेत तुमचे," रितेरी म्हणाला. "चढवून टाका. मेले तर विमानाला उशीर झाला म्हणायचं. खोटं थोडंच आहे?"

खोटं नव्हतंच. मी खरोखर विचार केला. तोवर आत्या उठली होती. या वयात तिने एक खोकं छातीशी धरलं आणि आमच्या ट्रककडे चालू लागली.

"आत्या, ठेव ते."

"माझ्या हातचं खाऊन आजवर कोणी मेलं नाही," ती म्हणाली. "उचल बाकीची."

समुद्र ट्रकने दोन मिनिटांवर होता. खडकांच्या आत पाणी शांत असतं तिथे आम्ही कंबरेपर्यंत शिरलो. माशांना सवय व्हावी म्हणून पिशवीत थोडं थोडं नवं पाणी घेत बसायला वेळ नव्हता. मी सुरी चालवत होतो, आत्या प्रत्येक मासा ओंजळीत घेऊन सोडत होती आणि त्याच्याकडे बघून काहीतरी पुटपुटत होती. काही तिरके होऊन तळाशी गेले. बरेचसे दगडांत पळाले.

किनाऱ्यावर येऊन ओल्या कपड्यांतच व्यापाऱ्याला फोन लावला.

"माल निघाला?" त्याने विचारलं.

"नाही."

"आता काय झालं?"

विमानाचा उशीर जिभेवर होता. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती.

"घरच्यांनी त्यांना जेवायला घातलं," मी म्हणालो.

तो हसला. मग मी गंमत करत नाही हे त्याला कळलं, आणि त्याने फोन ठेवला.

"काय म्हणाला?" आत्याने विचारलं.

"काही नाही."

तिने माझा ओला हात धरला आणि ट्रकपर्यंत सोडला नाही. ट्रकमध्ये बसल्यावर टोपलीतला उरलेला भात तिने माझ्यापुढे केला. भूक नव्हती, तरी मी सगळा संपवला.