विजयमाला मॅडमचा डबा

विजयमाला मॅडमचा इंग्रजीचा तास म्हणजे आधी डबा. बिस्किटांचा जुना, चौकोनी, पत्र्याचा. पूर्वी असल्या डब्यांतून दिवाळीच्या करंज्या नात्यागोत्यात जायच्या, आणि डबा परत आला नाही की बायका वर्षभर अबोला धरायच्या. मॅडम त्यात मोबाईल गोळा करत. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून पहिला फोन स्वतःचा टाकत, पत्र्यावर ठण्ण वाजेल असा. मग बाकांच्या ओळीनं बाकीच्यांचे त्यावर रचले जात.

त्या दिवशी दुपारच्या तासाला सिद्धेश्वरीचा फोन सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर पडला. ती सरकारी दवाखान्यातून धावत आली होती. आईच्या पोटात गाठ होती, सकाळीच तिला ऑपरेशनला आत नेलं होतं. बाहेर भाऊ होता, शिवयोगी. काही झालं तर लगेच फोन करतो म्हणाला होता. तिला तासाला यायचंच नव्हतं. पण हजेरी कमी पडली तर परीक्षा विसर, असं मॅडमनी भर वर्गात सुनावलं होतं, आणि मॅडम बोलल्या की करत.

गोष्ट होती एका ओसाड स्टेशनातल्या माणसाची. रात्रीचा तो खोलीत एकटा असतो, बाहेरून कुणीतरी दारावर टकटक करतं, आणि तो उठत नाही. मॅडम ही गोष्ट फार रंगवून शिकवत. शेवटचं पान मात्र त्याच दिवशी कधी वाचत नसत. पोरं रात्रभर तळमळली पाहिजेत, त्यालाच रहस्य म्हणतात, असं त्यांचं म्हणणं.

टकटक सुरू झाली आणि नेमका डबा वाजला. कर्रर्र, कर्रर्र. टेबलावर तो थरथरत सरकला.

सिद्धेश्वरीला वाटलं, शिवयोगीच. ती उठून उभी राहिली आणि मॅडम, माझा असेल, बघू का, असं मराठीतच म्हणाली.

"इन इंग्लिश, प्लीज," मॅडम म्हणाल्या.

ऑपरेशन या शब्दाच्या मागेपुढे काय लावायचं ते तिला सुचेना. "मॅडम, माय मदर... इज इन ऑपरेशन."

वर्ग खदखदला. मागून ऋतुराज म्हणाला, "मदर ऑपरेशन करतीय होय? डॉक्टर हाय का?"

मॅडमही हसल्या. मग त्यांचे डोळे चमकले. पुस्तक मिटून त्यांनी डब्याच्या झाकणावर हात ठेवला. रहस्य म्हणजे काय ते पुस्तकात कशाला शोधायचं, म्हणाल्या, ते हे इथं वाजतंय. कोण असेल? काय सांगायचं असेल? सांगा एकेकानं.

पोरांना तेवढंच हवं होतं. बँकवाला असेल. हिचा होणारा नवरा असेल. ऋतुराज म्हणाला, कुणीतरी गेलं असेल. "गुड," म्हणत मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं. सिद्धेश्वरी उभीच होती. बसू का विचारलं, तर म्हणाल्या, उभी राहा, वर्गाला तुझा चेहरा दिसू दे. वाट बघणारा माणूस असा दिसतो.

डबा थांबला. पुन्हा सुरू झाला. कर्रर्र.

त्या आवाजात काहीतरी होतं. मागे एकदा तिचाच फोन डब्यात वाजला होता, तोही असाच वरती होता, तेव्हा भुंगा घुमावा तसा नुसता बोदा आवाज आला होता. खालच्या फोनांच्या रबरी कव्हरांनी तो गिळला होता. हा तर पत्रा खरवडत होता. पत्र्याला टेकलेला फोन डब्यात एकच. सगळ्यात खालचा. पहिला टाकलेला.

तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तिला सोमशेखर सर आठवले.

मॅडमचे यजमान. अर्धांगवायू झाल्यापासून सात रस्ता चौकामागच्या घरात अंथरुणावर. कामाला येणारी चंद्रव्वा त्यांचं सगळं करून दुपारी घरी जाई, आणि मॅडम परतेपर्यंत ते एकटेच. उशाला फोन, काही झालं तर डाव्या हातानं एकच बटण दाबायचं की मॅडमना फोन, अशी सोय. सहसा ते दाबत नसत. आईनं पाठवलेली ज्वारी द्यायला ती एकदा तिथं गेली होती, तेव्हा तोंड वाकडं करत, शब्द ओढत त्यांनी कन्नडमध्ये विचारलं होतं, "ऊटा आय्ता?" जेवलीस का? आणि शेंगाची चटणी-भाकरी खाल्ल्याशिवाय तिला उठू दिलं नव्हतं.

मॅडम, इट इज युवर फोन. एवढंच म्हणायचं होतं. सगळे शब्द येत होते. एकही चुकणार नव्हता.

"वेल?" मॅडम म्हणाल्या. "युवर गेस? हू इज इट?"

तिनं फळ्याकडे पाहिलं. पोरांच्या हसऱ्या तोंडांकडे पाहिलं.

"आय डोन्ट नो, मॅडम."

"करेक्ट इंग्लिश," मॅडम म्हणाल्या, आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या.

डबा आणखी एकदा वाजला, थोडाच. मग गप्प झाला. मॅडमनी बोट वर केलं आणि आवाज खाली आणला. ऐका, म्हणाल्या, टकटक थांबते तेव्हाच खरी भीती वाटते. घंटा होईपर्यंत वर्ग खरोखर चिडीचूप होता.

घंटा झाल्यावर पोरांनी फोन उचलले. तिच्या फोनवर शिवयोगीचा नुसता एक मेसेज होता. आई बाहेर आली, बरी हाय. ती दारात थांबली. डबा रिकामा झाला, मॅडमनी तळाचा फोन काढला, पाहिला, आणि पुस्तक त्यांच्या हातून टेबलावर पडलं. त्यांनी फोन लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला.

"सिद्धेश्वरी," त्या म्हणाल्या. चक्क मराठीत. "उचलत नाहीत गं."

"उचलतील की, मॅडम," ती म्हणाली, आणि जिना उतरली.

दवाखान्यात आई अजून गुंगीतच होती. हात हातात घेतला तसे तिनं डोळे किलकिले केले. ओठ कोरडे पडले होते, शब्द नीट फुटत नव्हता. तरी पोरीला बघून तिनं तेच विचारलं जे ती रोज विचारायची.

"ऊटा आय्ता?"

सिद्धेश्वरीनं हात सोडला आणि बाहेर कठड्याशी जाऊन उभी राहिली.