बॅटरीपासून वीतभर

जाड लाल वायरीच्या टोकावर तिने तांब्याची टोपी चढवली, पक्कडीने दाबली आणि दोनदा ओढून पाहिली. निघत नव्हती. तरी तिसऱ्यांदा ओढली.

"तुटेल ना ताई," स्टुलावर बसलेला धाकटा भाऊ म्हणाला.

"तुटू दे. इथे तुटलेली परवडली."

गाडी त्याची होती. टपावर दिव्यांची रांग, पुढे चिखलातून ओढून काढणारं विंच. अशीच हौसेने सजवलेली त्याची पहिली गाडी गेल्या वर्षी जळाली. तिचं वायरिंगही बहिणीनेच केलं होतं. धूर निघाला तेव्हा बॅटरीचा प्रवाह तोडायला स्विच नव्हता, म्हणून त्याने हात घालून वायर उपटली. गाडी गेलीच, उजव्या हाताची बोटंही कायमची आखडली. घरच्यांनी खापर त्याच्याच डोक्यावर फोडलं. यानेच मागाहून काहीतरी वेडंवाकडं जोडलं असणार! आई अजून धड बोलत नव्हती. हळूहळू त्यालाही ते खरं वाटू लागलं. बहीण मात्र मूग गिळून बसली होती.

आता ती मोठा फ्यूज बॅटरीपासून जेमतेम वीतभर अंतरावर बसवत होती.

"एवढा जवळ कशाला?"

"पुढे कुठे वायर घासली, तर आधी हा उडतो. लांब लावला तर मधली वायर पेटते."

"मागच्या गाडीत कुठे होता?"

त्याने अगदी सहज विचारलं होतं. तिच्या हातातला पाना थांबला.

"नव्हताच," ती म्हणाली. "दुकानात मोठा फ्यूज संपला होता. नंतर लावू म्हटलं आणि राहून गेलं. तू काही चुकीचं जोडलं नव्हतंस. माझ्यामुळे झालं ते सगळं."

तो उठून गाडीत बसला. सीटच्या उजव्या बाजूला तिने बॅटरीचा प्रवाह तोडायचा स्विच सकाळीच लावून ठेवला होता. त्याने दांडी फिरवायला हात नेला. बोटं घसरली. पुन्हा घसरली. वर्षभर त्या हाताकडे तिने कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"स्विच डावीकडे घे," तो म्हणाला आणि खाली उतरला.

ती वाकून बोल्ट सैल करू लागली. पाना दोनदा सटकला. तो शेजारी उभा होता, पण मदतीला वाकला नाही. मग त्याने डाव्या हाताने खिशातून फोन काढला, नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन तिच्यासमोर सीटवर ठेवला. रिंग बराच वेळ वाजत राहिली.

"हं, बोल," आईचा आवाज आला. "आता काय पेटवून ठेवलंस?"

तो बहिणीकडे बघत राहिला.

तिने पाना खाली ठेवला. काळ्या झालेल्या हातानेच फोन उचलला.

"आई, मी बोलतेय."