कापलेला कोझाक

फेब्रुवारीत आमच्या गावात दुपार होतच नाही. सकाळ पांढरी असते आणि तीच हळूहळू संध्याकाळ होते. दुकानाच्या काचेबाहेर बर्फ पडत असतो आणि आत डब्याडब्यांतून बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांवरचे सत्तर वर्षांपूर्वीचे उन्हाळे पडून असतात. झाकण उघडलं की ज्याच्या पुड्यांतून ती कार्डं यायची त्या च्युइंगमचा गोडसर वास अजून येतो. विटक्या निळ्या आभाळाखाली बॅट खांद्यावर घेतलेली माणसं माझ्याकडे बघत राहतात. त्यांतली बहुतेक केव्हाच गेली, पण कार्डावर अजून कोणी बाद झालेलं नाही.

त्या दिवशी सकाळी एल्वूड श्रोयरचा फोन आला.

"व्हर्ना, दुपारी ऑर्फा माझा कोझाक घेऊन येतेय. किंमत विचारेल."

"मग सांगते की."

"तेच नको. तिने त्याच्या कडा कापल्यात."

ऑर्फा त्याची बायको, आणि कोझाक हे त्याचं सगळ्यात किमती कार्ड.

रूब कोझाक हा डावखुरा पिचर, म्हणजे बॅटवाल्याकडे चेंडू फेकणारा. खेळायचा बेताचाच, पण त्याचं कार्ड निघालं उन्हाळा सरताना. तोवर पोरं फुटबॉलकडे वळलेली, दुकानदारांनी खोकीच्या खोकी फेकून दिली. जी विकली गेली, ती पुढे पोरं सैन्यात गेल्यावर आयांनी झाडून काढली. लोकांना वाटतं, किंमत खेळाडूच्या नावाने येते. निम्मी तर आयांच्या केरसुणीने येते. बाकीची येते कोपऱ्यांनी. कोपरे टोकदार हवेत, पण मूळचे. कडा कापून टोकदार केलेल्या कार्डाला आमच्या धंद्यात कोणी हात लावत नाही.

"तूच एकदा तिच्यासमोर म्हणाली होतीस, टोकदार कोपऱ्याला पैसा आहे," एल्वूड सांगत होता. "मागच्या हिवाळ्यात तिने गुपचूप लॉकरमधून काढला आणि गोधडीचा चौकोन सारखा करतात तसा पट्टी लावून सरळ केला. माझ्या ऐंशीला तो विकून मला फ्लोरिडाला न्यायचंय तिला, खेळाडूंचा सराव बघायला. तिला कळू देऊ नकोस. काहीतरी बोल."

मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाही. म्हणून तर निम्मं गाव माझ्याशी बोलत नाही. "बघते," म्हटलं आणि फोन ठेवला.

दुपारी दोघं आली. ऑर्फाने घरी भाजलेली काकवीची पाई काउंटरवर ठेवली, बुटांवरचा बर्फ झटकला आणि प्लास्टिकच्या पाकिटातून कोझाक बाहेर काढला. हात वर करून तो उभा होता, कोणीतरी चेंडू देईल म्हणून वाट बघत असल्यासारखा. कडा स्वच्छ होत्या. फारच स्वच्छ.

"किती नीटस दिसतोय ना?" ऑर्फा म्हणाली. एल्वूड बाहेरचा बर्फ बघत होता.

"ऑर्फा, सध्या बाजार जरा मंद आहे," मी सुरुवात केली.

"तुझा बाजार तेजीत कधी असतो ग?"

बोलता बोलता तिने काउंटरवरच्या ताटलीतून त्याच वर्षाचं एक साधं कार्ड उचललं आणि त्यावर कोझाक ठेवला. मनात काही नव्हतं तिच्या. जन्मभर गोधड्या शिवल्या, चौकोनावर चौकोन ठेवून बघायची तिच्या हातांना सवयच आहे. खालच्या कडा जुळवून तिने वरच्या कडेवरून अंगठा फिरवला.

अंगठा थांबला. कोझाकच्या डोक्यावर दुसऱ्याच कोणाच्या आभाळाची बारीक निळी रेघ दिसत होती.

"कमी पडतोय," ती म्हणाली. मग दोन्ही कार्डं पुन्हा जुळवून, "मी कापला म्हणून. आता याचं काय येईल, व्हर्ना?"

"काही नाही," मी म्हटलं. ठरवलेलं खोटं तोंडातच राहिलं.

ती स्टुलावर बसली. "एल्वूड, तुला ठाऊक होतं."

"पहिल्या दिवसापासून."

"आणि गप्प बसलास? मी फ्लोरिडाचे नकाशे गोळा करत होते आणि तू माझ्या हातची पाई चापत होतास?"

"पाई चांगली होती."

ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले. "मी तुझा कोझाक मारला रे."

एल्वूड तिच्याजवळ गेला. "लॉकरमध्ये होता तेव्हाच मेल्यातच जमा होता. वर्षातून एकदा बघायचो, तेही हातमोजे घालून. आपला पोरगा फोन करायचा, विका म्हणून. दलाल फोन करायचे. तू कापलास, मी त्यांना तसं सांगितलं आणि सगळे गप्प झाले. तू गोधडीच्या मंडळाला गेलीस की त्याला खिशात घालून मी कोठारामागे त्याला हातात घेऊन बसायला जातो. दहा वर्षांचा असताना जायचो तसा. आज विकला गेला असता तर मी काय केलं असतं?"

मग ऑर्फाने नाक पुसलं आणि पर्समधून सुयांची डबी काढली. दोऱ्यांच्या गुंत्यात निळ्या कागदाच्या चार बारीक काड्या होत्या.

"कात्रणं मी टाकत नाही. माहितीय ना तुला?"

एल्वूडने त्या तळहातावर घेतल्या. उडू नयेत म्हणून त्याने श्वास धरला होता. मग कोझाक, उघडाच, शर्टाच्या खिशात गेला आणि त्याच्यामागे त्या काड्या. मी पाई कापायला घेतली. धंद्यात पहिल्यांदाच मला कापलेल्या कार्डाचा हेवा वाटत होता.

"किती घेशील त्याचे?" मी विचारलं.

"विकायचा नाही," एल्वूड म्हणाला.

"फ्लोरिडा रद्द नाही हं," ऑर्फाने लगेच बजावलं. "गोधड्या विकीन मी. आणि तोही येईल आपल्याबरोबर. खिशातून."