समुद्राकडची भिंत

दोष मास्तरांचा. पेंटरचा नाही, धुक्याचा नाही, समुद्राचा तर मुळीच नाही. मी चॅपलची समुद्राकडची भिंत. मी सगळं पाहिलंय, आणि पाहिलेलं अजून मला खरं वाटत नाही.

मास्तर म्हणजे गावचे निवृत्त हेडमास्तर, चॅपलच्या मंडळाचे अध्यक्ष. शंभर वर्षं झाली म्हणून त्यांनी चॅपलच्या इतिहासाचं पुस्तक लिहिलं. चौसष्ट पानं. घंटा कोणी दिली, बाकं कोणी दिली, कोणते धर्मगुरू कधी आले, सगळं आहे. मी नाही. एका ओळीतसुद्धा नाही.

किनाऱ्यावरच्या छोट्या गावांतली चॅपलं दात्यांच्या यादीतून उभी राहत नाहीत. आधी कोणीतरी बुडतं, मग कोणीतरी वाचतं, आणि वाचलेली माणसं दगड वाहायला लागतात. माझे दगड सात जणांनी वाहिले. समुद्रावर गेले होते अकरा. बायकांनी शिंपले भाजून चुना केला. आणि गंमत म्हणजे सगळ्यांत आधी मी उभी राहिले. दरवाजा, वेदी, छप्पर नंतर. कारण देव थांबू शकत होता, होड्या थांबू शकत नव्हत्या.

आमच्या किनाऱ्यासमोर पाण्याखाली खडक आहेत आणि त्यांच्यामधून होडीपुरती एक वाट. मी दिसले की होडी हळू करायची, माझा डावा कोपरा पाण्याबाहेर डोकावणाऱ्या काळ्या सुळक्याच्या रेषेत आला की सुकाणू वळवायचं. एवढंच माझं काम. त्यासाठी मी पांढरी हवी. दरवर्षी मला चुना लागायचा. गेली वीस वर्षं तो काकी लावायची. काकी म्हणजे शिडीवर चढून समुद्राला पाठ करून शिव्या देत काम करणारी बाई. "हल नको गं," असं मला म्हणायची. मी भिंत, मी कुठे हलणार? पण बरं वाटायचं.

शंभरीसाठी दर्शनी बाजूला राखाडी रंग दिला. फोटोत उठून दिसतो म्हणे. तीन डबे उरले.

पेंटर म्हणाला, "मास्तर, मागच्या बाजूला लावू का? पण तिकडे बघतंय कोण?"

"कोणी बघत नाही म्हणूनच उरलेला लाव," मास्तर म्हणाले. "इमारत एकसारखी दिसू दे."

काकी धावत आली. हाताला पीठ तसंच.

"मास्तर, ही भिंत राहू द्या. माझा पोरगा परवापासून बाहेर आहे. तो निघाला तेव्हा ही पांढरी होती."

"अगं, तू शाळेतही अशीच हट्टी होतीस. मोबाईलमध्ये नकाशा असतो आता."

"नकाशात आपले खडक नाहीत. नुसतं निळं आहे. तो येईपर्यंत तरी थांबा."

"पेंटर उद्या दुसऱ्या गावी चाललाय."

मंडळातले बाकीचे चौघे म्हातारे खाली बघत उभे होते. चौघंही माझ्याकडे बघून घरी आलेले. मास्तरांचं तर काय सांगू. एकोणीस वर्षांचे असताना ते वडिलांच्या होडीवरून धुक्यात माझ्या आधाराने आत आले होते. उतरल्या उतरल्या येऊन माझ्यावर कपाळ टेकलं होतं. कपाळाला चुना लागला, तो पुसायचं दोन दिवस त्यांना सुचलं नाही. तोच माणूस माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून पेंटरला सांगत होता, "कोपराही सोडू नकोस." मला ओरडता आलं नाही. भिंतींचं हे एक वाईट असतं.

रंग लागल्यापासून चौथ्या दिवशी दुपारी धुकं उतरलं. दाट नाही. मी पांढरी असते तर दिसले असते, इतपतच. राखाडी धुक्यात राखाडी भिंत. मला काकीच्या पोराची, धाकट्याची होडी दिसत होती, त्याला मी दिसत नव्हते. पांढरं काही दिसत नाही म्हणजे किनारा लांब आहे, असं तो समजला. बरोबरच समजला. त्याला लहानपणापासून तसंच शिकवलं होतं. त्याने वेग कमी केला नाही.

आवाज फार मोठा झाला नाही. लाकूड फुटलं, मग तो ओरडला. होडी आणि खडक यांच्यामध्ये त्याचा पाय अडकला होता. लोकांनी त्याला सोडवून आणेपर्यंत भरती गुडघ्यावरून छातीपर्यंत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर स्वतः चुन्याची बादली घेऊन आले. मंडळाने शिडी धरली. इतकी चपळाई मी त्यांच्यात कधी पाहिली नव्हती. काकी इस्पितळातून कपडे न्यायला आली होती, ती थांबली.

मास्तर म्हणाले, "दर्यापुढे कोणाचं चालतं, बाई?"

तिने त्यांच्या हातातून कुंचला काढून घेतला. "ठेवा. या रंगावर चुना धरत नाही. आधी खरवडावं लागतं. वीस वर्षांत एकदा विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

तिचं खरं होतं. चुन्याचे पोपडे सुटले. आता मी पांढरीही नाही, राखाडीही नाही, महारोग झाल्यासारखी डागाळलेली उभी आहे. होड्या माझ्याकडे बघून आत येत नाहीत. सुळक्यापाशी थांबतात, कोणीतरी पुढे बांबू टाकून खोली बघतो.

मला खरवडा. दगडापर्यंत खरवडा. आणि त्या चौसष्ट पानांत एक पान वाढवा, मास्तरांच्याच अक्षरात.

धाकट्याचा उजवा पाय गुडघ्यापासून कापला. तो तेवीस वर्षांचा आहे. आता तो समुद्रावर जात नाही.