चंद्रीचा व्हिडिओ

"तुझ्या ॲपचं नाव येऊनच न्हाई राहिलं, शिवू. लई खाली सरकवून बघितलं."

"अण्णा, नीट बघा ना. व्हिडिओ उघडा, शेअर दाबा, तिथंच आहे," म्हणत शिवांगीनं फोन ठेवला. लातूरच्या ऑफिसात मीटिंग चालली होती, तीही तिनं बनवलेल्या ॲपचीच. आजारी जनावर ॲपवर दाखवायचं, डॉक्टर लगेच सल्ला देणार. तिकडे देवणीजवळच्या गावात तिच्या वडिलांची, रामलिंग अण्णांची गाय चंद्री विताना अडली होती. गावचा डॉक्टर निलंग्याला गेलेला. लेकीचं ॲप असताना अण्णांनी दुसऱ्या कुणाला लवकर विचारलंच नाही.

मीटिंगमध्ये तिचं लक्ष लागेना. बाहेर येऊन फोन लावला तर अण्णा उचलेनात. म्हातारं माणूस, फोनमध्ये गोंधळतं, अशी तिनं मनाची समजूत घातली. पण जीव थाऱ्यावर येईना. शेवटी तिनं स्वतःच्याच फोनवर एक व्हिडिओ उघडून शेअर दाबलं. नाव नव्हतं. फोटो उघडून दाबलं, तर सगळ्यात वर.

ॲप काय काय घेतं, हे फोनला आधीच सांगून ठेवावं लागतं. धान्याच्या मोंढ्यातल्या आडत दुकानावरच्या पाटीसारखंच ते. पाटीवर तूर नसली की तुरीची गाडी तिथं थांबत नाही. शिवांगीनं पाटीवर फोटो लिहिला होता, व्हिडिओ राहून गेला होता. गावाकडचं माणूस टाइप करत बसत नाही, व्हिडिओ काढून बोलतं. तिथंच वाढलेल्या पोरीला हे कुणी शिकवायला हवं होतं का? तिला स्वतःचीच चीड आली.

तेवढ्यात अण्णांचा फोन आला.

"डॉक्टर आलता. उशीर झाला. वासरू तेवढं हाय."

चंद्री गेली, हे तिला कळलं. चूक माझी होती अण्णा, तुमची नव्हती, एवढं तिनं कसंबसं सांगितलं.

"म्हंजे मला फोन येतो वापरायला," अण्णा म्हणाले. "मला वाटलं, माझंच काई चुकून राहिलं."

तिनं त्याच दिवशी ॲपमध्ये व्हिडिओची राहिलेली ओळ घातली, ते अण्णांना पुन्हा पाठवलं आणि कसलाही एक व्हिडिओ टाकून बघा म्हणून सांगितलं. सकाळी तो आला. झाडून काढलेला गोठा, खुंट्याला गुंडाळून ठेवलेलं दावं आणि ते हुंगणारं वासरू. पाठीमागून अण्णांचा आवाज येत होता.

"आलं बघ आता तुझं नाव."